बाराच्या भोंग्याचं दूध

माझी भाची सुप्याला एका कंपनीत कामाला आहे. तिचा मुलगा ज्या पाळणाघरात असतो त्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, ‘वेळेत बदल चालणार नाही’. मी ती पाटी दोनदा वाचली आणि तिथल्या बाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही फार सुखी आहात." त्यांना वाटलं, म्हातारी टोमणा मारते आहे. टोमणा नव्हता, मला हेवा वाटला होता. मीही कधीकाळी हाच उद्योग केला, आणि माझ्या घरात वेळेत बदल सोडून दुसरं काही चालतच नव्हतं.

देवळाली प्रवरेच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या चाळीत आम्ही राहत होतो. आमचे हे बॉयलरवर कामाला. माझी दोन मुलं शाळेत जायला लागली आणि दुपारी घर रिकामं पडू लागलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकदा "जरा दोन तास बघा हो" म्हणून मुलगा ठेवला, तो शाळेत जाईपर्यंत माझ्याकडेच राहिला. त्याच्या पाठोपाठ आणखी आली. पाळणाघर हा शब्द आमच्या चाळीत कुणी वापरत नसे. "काकूकडं टाकलंय पोरगं," एवढंच म्हणायचे. मला त्या ‘टाकलंय’चा राग यायचा, पण बोलायला सवड कुणाला होती?

सामान म्हणाल तर तुळईला बांधलेल्या दोन झोळ्या, खुळखुळे, दोरीभर लंगोट, चुलीवर गुरगुट्या भात आणि तान्ह्यांना दूध पाजायचं चोचीचं भांडं, म्हणजे बोंडलं. मुलं सांभाळायला मला कधी जड गेलं नाही. जड जायचं ते त्यांच्या आईबापांच्या वेळा सांभाळणं. नर्सबाईंची पाळी दर आठवड्याला बदलायची. वजनकाट्यावरच्या कारकुनाची बायको शिवणवर्गाला जायची. ती सांगे, "काकू, हिला दुपारी अजिबात झोपू देऊ नका, रात्री हे पाळीवरून दमून येतात, ही जागी राहिली तर आमचे हाल." तिची शेजारीण सांगे, "आमच्याला दुपारी झोपवाच, म्हणजे संध्याकाळी बापाशी खेळेल." दोन्ही लेकरं एकाच खोलीत. एका हातानं झोका द्यायचा आणि दुसऱ्या हातानं खुळखुळा वाजवायचा, अशा माझ्या दुपारी गेल्या. एक एस.टी.चे कंडक्टर होते. "मुलाला कधी न्याल?" विचारलं की म्हणायचे, "गाडी आली की." गाडी कधी येईल हे परमेश्वराला ठाऊक. आज आठवलं की एका गोष्टीचं वाईट वाटतं. इतक्या बायांनी माझ्याकडून निरनिराळ्या वेळा मागून घेतल्या, पण घटकाभर नुसतं पडायचंय म्हणून मूल ठेवा, असं त्यांतली एकही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी आनंदानं ठेवलं असतं.

आमच्याकडे घड्याळं थोड्यांकडेच होती. सगळा कारभार कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. पाळी बदलली की भोंगा व्हायचा. पहाटेच्या भोंग्याला बाया चूल पेटवत, दुपारी बाराच्या भोंग्याला डबे निघत. शाळेतलं घड्याळ बंद पडलेलं होतं, त्यामुळे गुरुजीसुद्धा बाराच्या भोंग्यावरच छोट्या सुट्टीची घंटा द्यायचे.

सुमनबाई त्या शाळेत पहिलीच्या वर्गाला नव्यानं लागल्या होत्या. नवरा रामनाथ कारखान्यात हंगामी कामगार, म्हणजे गाळप चालू असेल तोवर काम, एरवी घरी. मूळ गाव जामखेडकडे. दत्तू त्यांचा पहिला मुलगा. तो पाच महिन्यांचा असताना त्यांनी मला जी वेळ मागितली तशी अजून कुणी मागितली नव्हती. त्या म्हणाल्या, "काकू, छोट्या सुट्टीत याला शाळेत घेऊन या. मी अंगावर पाजीन. पण सुट्टी एवढीशी असते. आला की लगेच प्यायला पाहिजे. म्हणजे जागा पाहिजे, भुकेला पाहिजे आणि रडून थकलेला नको."

भुकेलं पण न रडणारं मूल ठरल्या वेळेला हजर करायचं, हे काम बोलायला सोपं आहे. सकाळचं वरचं दूध अर्धं बोंडलंच द्यायचं, मधे डोळा लागू द्यायचा नाही, चुळबुळ सुरू झाली की कडेवर घेऊन कावळे-चिमण्या दाखवायच्या, आणि रडण्याच्या जरासं आधी शाळेच्या मागच्या लाकडं ठेवायच्या खोलीत पोचायचं. बाकीच्या मुलांजवळ तेवढा वेळ शेजारच्या आजी बसायच्या. मी ते जमवलं. भोंगा वाजला की दत्तू मान वळवून दाराकडे बघायचा, दारात सुमनबाई पदर छातीशी घट्ट धरून घाईघाईनं यायच्या, आणि पुढच्या क्षणी घटघट आवाज सुरू. घंटा होईपर्यंत पोट भरून मूल माझ्या खांद्यावर. मला या कामाचा अभिमान होता, आणि मी तो लपवतही नसे.

पण ते साल बहात्तरच्या दुष्काळाचं होतं. विहिरी तळाला गेल्या, ऊस वाळला, आणि नेहमी उन्हाळ्यापर्यंत चालणारा कारखाना थंडी सरायच्या आतच थांबला. पट्टा पडला, असं आमच्याकडे म्हणतात. बॉयलर थंड झाले, रामनाथ घरी बसला, भोंगा बंद झाला. गुरुजींनी आपलं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवून घंटा द्यायला सुरुवात केली.

आणि दत्तू पिईना.

तोंड लावायचा, चार वेळा ओढायचा आणि तोंड काढून किंचाळायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा किंचाळायचा. तेवढ्यात घंटा व्हायची. सुमनबाई डोळे पुसत वर्गावर जायच्या आणि मी त्याला बोंडल्यानं पाजायची. त्या वर्षी गवळ्याच्या दुधात दूध किती असायचं हे विचारू नका. चाऱ्याअभावी जनावरंच हाडं झालेली. रात्री घरी प्यायचा तेवढ्यानं भागेना, पोराच्या मांड्या सैल पडायला लागल्या.

मी हार मानणारी नव्हते. गुटी उगाळून दिली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. हिरड्यांवरून बोट फिरवून दात बघितले. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पोराला भोंग्याची सवय लागली आहे, भोंग्याशिवाय याला जेवणाची वेळ झाल्याचं कळतच नाही. आता यावर उपाय एकच. मी पदर खोचला आणि कारखान्याच्या ऑफिसात इंजिनिअर साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, दुपारचा एक भोंगा तेवढा चालू ठेवा."

त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते सज्जन होते, हसू दाबून म्हणाले, "काकू, भोंगा वाफेवर वाजतो. बॉयलर बंद आहे, वाफ कुठून आणू?"

"मग दुपारपुरता पेटवा."

"एवढा मोठा बॉयलर? एका पोरासाठी?"

"अहो, एवढा मोठा कारखाना आहे, त्याला एका पोराचं जड का व्हावं?" मी म्हटलं. संध्याकाळी हे बॉयलरच्या साफसफाईवरून घरी आले ते माझ्याशी बोलेनात. सगळ्या खात्यात माझी बातमी पोचली होती.

बॉयलर मिळत नाही म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी परात घेऊन शाळेत गेले. सुमनबाई दारात आल्या, तशी मी लाकडांच्या खोलीत परातीवर पळीनं दणदण वाजवलं. दत्तू घाबरून निळा पडेपर्यंत रडला. मैदानावरची सगळी शाळा पळत आली आणि मुलांमागून गुरुजी. "काकू, हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले, पण त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "बाईंना सुट्टीत पाजायची परवानगी मी दिली आहे. बँडची दिलेली नाही."

त्याच आठवड्यात रामनाथ गावाकडे जाऊन आला आणि येताना आईला घेऊन आला. हौसाबाई म्हणजे उंच, वाळकी, उन्हानं काळवंडलेली बाई. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेले. माझ्या खोलीत आल्या, झोळीतून दत्तूला उचललं, त्याची मांडी दोन बोटांत धरून बघितली आणि खाली बसल्या. सुमनबाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"लेकरू सुकलंय," हौसाबाई म्हणाल्या. "शनिवारच्या गाडीनं सून आन नातू दोघास्नी घिऊन जानार मी."

"आत्या, माझी नोकरी अजून कायम नाही झालेली," सुमनबाई हळूच म्हणाल्या. "मधेच गेले तर माझ्या जागी दुसरीला घेतील."

"घिऊ दे."

"मग खायचं काय सगळ्यांनी? यांचं काम बंद, गावाकडं पीक नाही."

मी मधे पडले. "मावशी, तिकडं प्यायला पाणी नाही. हंडाभर पाण्यासाठी तुम्ही अर्धा दिवस रांगेत असता, हे तुमच्याच मुलानं सांगितलंय. तिथं पोर सुधारेल का?"

"पानी न्हाई, पर आई तर जवळ ऱ्हाईल त्याच्या." त्यांनी दत्तूला मांडीवर घेतलं. "बाई, माझी दोन अशीच वाळून गेली. मी खुरपायला जायची, लेकरू घरी सासूजवळ. दुपारी पळत यायची पाजायला, तर तोंड लावून रडायची, प्याचीच न्हाईत. ती का पेत न्हाईत ते मला कुनीबी सांगितलं न्हाई. आता हे तिसरं बघत बसू व्हय?"

मी सुमनबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. ही मुलगी शिकून, धडपडून फळ्यापर्यंत पोचलेली होती, आणि माझ्या झोळीतल्या मुलापायी ती नोकरी जाणार होती. मी ठरवलं की नाही जाऊ द्यायची. कशी, ते माहीत नव्हतं. एक दिवस तरी हाताशी असावा म्हणून म्हटलं, "उद्या शुक्रवार. उद्या माझ्याबरोबर शाळेत चला. डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा."

शुक्रवारी आम्ही दोघी लाकडांच्या खोलीत बसलो. घंटा झाली. सुमनबाई आल्या, फळीवर टेकल्या, दत्तूला घेतलं. चार वेळा ओढणं, तोंड काढणं, किंचाळणं. नेहमीप्रमाणे मी मुलाच्या तोंडावर वाकले. हौसाबाई मात्र मुलाकडे बघतच नव्हत्या. त्या सुनेकडे बघत होत्या. सुमनबाईंचे खांदे कानाला लागले होते, नजर दारावर, आणि सगळं ध्यान घंटेकडे.

"सुमन," म्हातारी म्हणाली, "कारखाना चालू हुता तवा तो भोंगा वाजला की तुला काय व्हायचं गं?"

सुमनबाई लाजल्या. माझ्याकडे बघून मान खाली घातली. "भरून यायचं, आत्या. भोंगा झाला की आपोआप. पोलकं ओलं व्हायचं. मी मुलांकडं पाठ करून फळ्याकडं तोंड करायची आणि पदर धरून पळत यायची इकडं."

"आन आता?"

"आता काहीच होत नाही. घंटा झाली की एवढंच वाटतं, आज तरी पिईल का."

हौसाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. "लेकरात काय खोट न्हाई बाई," त्या मला म्हणाल्या. "हिलाच पान्हा फुटंना. आमची कपिला गाय अशीच हुती. बादलीची कडी वाजली की पान्हवायची. बादली बदलली, त्या दिशी वासरानं ढुसन्या मारून मारून तोंड दुखावलं, पर थेंब न्हाई. लेकरू रिकामं ओढतंय, मग रडंल न्हाई तर काय करंल?"

मी थक्क झाले. भोंग्याची सवय मुलाला नव्हती, आईला होती. इतके दिवस मी पोराचं पोट, दात आणि दृष्ट बघत बसले आणि ज्या बाईचं दूध, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

"मग कपिलेचं काय केलंत?" मी विचारलं.

"काय करायचं? जवळ बसायचं. घाई करायची न्हाई." हौसाबाई उठल्या, सुनेच्या मागे जाऊन बसल्या आणि घट्टे पडलेला तळवा तिच्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवायला लागल्या. "दाराकडं बघू नगंस. डोळं मीट. खांदं सोड. आगं, सोड म्हनते ना. मी हाय हितं." मग त्याच लयीत त्या गावाकडचं काहीबाही सांगत राहिल्या. कुणाचं लग्न पुढं ढकललं, कुणाची शेळी व्याली, गुरांच्या छावणीत कपिला कशी आहे. सासू सुनेशी अशी बोलताना मी त्या चाळीत तरी कधी ऐकली नव्हती. हळूहळू सुमनबाईंचे खांदे उतरले.

आणि तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली.

सुमनबाई दचकून उठायला लागल्या. म्हातारीनं खांदा दाबून धरला. "बस."

"आत्या, वर्ग..."

"वर्ग मी बघते," मी म्हटलं, आणि त्या नको म्हणायच्या आत बाहेर पडले. आयुष्यभर पोरंच सांभाळली होती. खोलीत पाच असली काय आणि वर्गात चाळीस असली काय, घाबरायचं कशाला? पहिलीच्या वर्गात गेले, दोन मारामाऱ्या सोडवल्या, एकाचं नाक पुसलं आणि सगळ्यांना मांडी घालून बसवून "बे एके बे" सुरू केलं. पोरं जोरात म्हणायला लागली. आवाज ऐकून गुरुजी दारात आले. फळ्यापुढे मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बाई कुठं आहेत?"

"येतायत. मूल पितंय." पितंय की नाही हे मला कुठं माहीत होतं? पण मी ठामपणे सांगितलं. "तोवर मी इथून हलणार नाही, गुरुजी. दहापर्यंत पाढे मला येतात. त्यापुढचे लागले तर तुम्हाला बोलावते."

"पहिलीला त्यापुढचे नसतात," गुरुजी म्हणाले आणि आपल्या वर्गावर निघून गेले.

पाचाचा पाढा चालला होता तेव्हा सुमनबाई दारात आल्या. पदर छातीशी घट्ट धरलेला आणि तरीही ओल वर आलेली. त्यांनी होकाराची मान हलवली. मी शाळेच्या मागे धावले. लाकडांच्या खोलीत हौसाबाईंच्या खांद्यावर दत्तू गाढ झोपला होता आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. म्हातारी ते पुसत नव्हती. बोटावर घेऊन बघत होती. तिचे डोळे भरलेले होते. ती दत्तूसाठी रडत होती की त्या आधीच्या दोघांसाठी, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मीही तिच्या शेजारी बसून रडून घेतलं.

पण शनिवारच्या गाडीचं काय, ते हौसाबाई बोलल्या नाहीत. रात्रीही घरात अवाक्षर काढलं नाही, असं सुमनबाईंनी सकाळी दत्तूला आजीजवळ घरी ठेवून शाळेत जाताना मला सांगितलं. एवढं झाल्यावरही म्हातारी हट्टानं निघाली तर? हट्टी माणसं मला ओळखू येतात, मी त्यांच्यातलीच आहे. शनिवारी शाळा सकाळची. मी पोरांना भात भरवत होते, पण डोळे रस्त्यावर. एस.टी.चा थांबा आमच्या चाळीच्या पुढे होता. ऊन तापायच्या सुमाराला हौसाबाई आल्याच. कडेवर दत्तू, काखेत बोचकं.

मी भाताच्या हातानं तशीच बाहेर आले आणि त्यांच्या वाटेत उभी राहिले. "मावशी, तुम्हाला जायचं तर जा. पोराला जाऊ देणार नाही. आता कारण कळलंय, आता न्यायचं काही कारण नाही."

"कुठं चाललोय आमी?" हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी बोचकं माझ्या हातात दिलं. "माझं जुनं लुगडं हाय. फाडून लंगोट कर. तुझ्या त्या खरबरीत फडक्यांनी आंग कातरलंय लेकराचं."

मी बोचकं धरून उभी राहिले. त्यांनी दत्तूची कुंची सारखी केली.

"आन हे बघ. पाऊस पडस्तोर मी हितंच ऱ्हानार. सुनेच्या सुट्टीला रोज मीच नेनार ह्याला, तू बाकीची पोरं बघ. पर मंगळवार माझा देवीचा उपास असतो, उन्हात चक्कर येती. मंगळवारी तू न्याचं. जमंल का तुला?"

इतकी वर्षं लोकांनी मला वेळा सांगितल्या होत्या. जमेल का, असं कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली, बोचकं काखेत घेतलं, हात पदराला पुसले आणि दत्तूला घ्यायला पुढे केले.

"आज शनिवार हाय," म्हातारी म्हणाली. "आज माझा वार." आणि नातवाला घेऊन ती शाळेच्या वाटेला लागली.